सबनीस ग्रुपमधल्या शशिकलाबाई

रेशनकार्डावर, मतदारयादीत आणि गल्लीतल्या बायकांच्या बोलण्यात शशिकला संपतराव भोईटे या भोईट्यांच्या घरच्या होत्या. मिरजेच्या पुनःस्मरण केंद्रातल्या लिनक्स सर्व्हरवर मात्र त्या सहा वर्षं सबनिसांच्या घरच्या होत्या, म्हणजे स्वतःच्या सुनेच्या माहेरच्या. सासू सुनेच्या माहेरी कायमची जाऊन राहिल्याचं हे आपल्याकडचं बहुधा पहिलंच उदाहरण असावं. ते घडवून आणलं होतं त्यांच्या मुलानं, एका रविवारी, क्रिकेटची मॅच बघता बघता, एका ओळीच्या कमांडनं.

मुलाचं नाव निनाद. केंद्रातला सर्व्हर तो सांभाळायचा. काय काम करतोस, असं लग्नकार्यात कुणी विचारलं की तो सांगायचा, ‘‘कुणी काय आठवायचं, त्याची परमिशन देतो.’’ लोक हसायचे. तो विनोद करत नव्हता.

विस्मरणाच्या आजारात जुनं बरंच टिकतं, नवं टिकत नाही. मेंदूत खोलवर एक इवलासा भाग असतो. दिवसभरात जे घडतं त्याचा पहिला ठसा तिथं उमटतो आणि मग सावकाश कायमच्या जागी मुरतो. हा भाग झिजला की लग्नातला उखाणा आठवतो, पण सकाळचा नाश्ता आठवत नाही. केंद्रानं काढलेला उपाय साधा होता. रुग्णाचा मेंदू ठसा उमटवत नसेल, तर शेजारी बसलेल्या माणसाचा वापरायचा. घरातल्या एका धडधाकट माणसानं कानामागं नखाएवढी पट्टी लावायची. त्याच्या मेंदूतला ठसा फाइल होऊन सर्व्हरवर जातो. रुग्णाला काही आठवायचं झालं की त्याच्या कानामागची पट्टी ती फाइल उघडते आणि तो ठसा त्याच्या मेंदूत उमटवते.

मेंदूला ही उसनवारी कळत नाही. घर तेच, माणसं तीच, तर मी या खुर्चीत बसलो असणार, असा हिशेब करून तो स्वतःला त्या प्रसंगात बसवून घेतो. प्रसंग असा कुणाचाही चालतो. भावना मात्र ज्याची फाइल त्याचीच उतरते. केंद्राच्या माहितीपत्रकात हे वाक्य शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं. टाईप निनादनंच करून दिलं होतं.

आता परमिशनचं. लिनक्सवरच्या प्रत्येक फाइलला एक मालक असतो, एक ग्रुप असतो आणि मग उरलेलं जग असतं. वाचणं, लिहिणं आणि चालवणं अशा तीन परमिशन या तिघांना वेगवेगळ्या देता येतात. केंद्रात वाचणं म्हणजे आठवणं, लिहिणं म्हणजे आठवणीत फेरफार करणं आणि चालवणं म्हणजे तो प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा जगणं. एका घरची माणसं एका ग्रुपमध्ये घालायची, म्हणजे मुलाची फाइल आईला वाचता येते. फक्त घराचं फोल्डर बनवताना त्याला एक खूण लावायला लागते. ती लावली की आत पडणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप घराच्या ग्रुपची होते. नाही लावली, तर ती बनवणाऱ्याच्या मूळ ग्रुपची होते.

मिरज-सांगलीतल्या सगळ्या घरांना निनादनं ही खूण लावून दिली होती. स्वतःच्या घराला लावायची राहिली होती.

त्याची बायको मृण्मयी. लग्नानंतर तिनं नाव बदललं नव्हतं, आणि निनादनं ते पुढारलेपणानं मान्य केलं होतं, चार ठिकाणी सांगितलंही होतं. तिचे वडील केंद्राचे जुने रुग्ण. त्यामुळे सर्व्हरवर ‘सबनीस’ नावाचा ग्रुप आधीच होता आणि मृण्मयी मूळची त्यातली. लग्नाला वर्ष होतंय तोच शशिकलाबाईंचा आजार निघाला, तेव्हा पट्टी मृण्मयीनं लावली, कारण दिवसभर त्यांच्याजवळ तीच असायची. घरून शिकवण्या घ्यायची ती. पट्टी निनादनंही लावली होती, पण त्याच्या पट्टीत मशीनरूमच्या एसीची घरघर सोडून फारसं काही जमत नव्हतं.

दोनेक महिन्यांनी आई म्हणाली, ‘‘अरे, हे यंत्र बिघडलंय बहुतेक. काल काय झालं ते काहीच दिसत नाही.’’

निनादनं पाहिलं. मृण्मयीच्या सगळ्या फाइली सबनीस ग्रुपच्या झालेल्या. आई भोईटे ग्रुपमध्ये. दार बंद. सगळ्या फाइलींचा ग्रुप बदलणं हा योग्य मार्ग होता. पण स्मृतीच्या कायद्यानं प्रत्येक फाइलीला मालकिणीचा अंगठा लागतो, आणि फाइली हजारोंनी होत्या. मग त्यानं जगातला कुठलाही ॲडमिन करतो तेच केलं. आईला उचलून सबनीस ग्रुपमध्ये टाकलं. शेऱ्याच्या जागी लिहिलं, ‘तात्पुरते’. आई दुपारची झोप काढून उठली आणि स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, ‘‘आलं बघ! काल आपण कारलं केलं होतं. मृण्मयी, तू साखर जास्त घातलेलीस.’’

निनाद परत मॅचकडं वळला.

त्या सहा वर्षांत बरंच झालं. शेजारचा प्लॉट विकला गेला आणि तिथं सात मजले उभे राहिले. मूल हवं, हा विषय घरात निघायचा बंद झाला. आबा गेले, म्हणजे निनादचे वडील. आईला हे सगळं ठाऊक होतं, कारण मृण्मयीला ठाऊक होतं. बाकी आईची तब्येत चांगली होती. फक्त संध्याकाळी ती गेटकडं तोंड करून बसायची, आणि निनाद आला की त्याच्याकडं बघून म्हणायची, ‘‘मी घरात असते, हे लक्षात असतं का रे तुझ्या?’’

‘‘आई, असं काय बोलतेस?’’

‘‘काय जाणे. आतून येतं.’’

निनादनं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चिडचिड हे आजाराचं लक्षण आहे. निनादला हे पटलं. त्याला पटायला नेहमीच सोपं गेलं.

मग मृण्मयी वेगळी झाली. भांडण असं काही झालं नाही. भांडायला दोन माणसं एका खोलीत लागतात. कोर्टानंही दोन तारखांत मोकळं केलं, आणि आठवड्याभरात मृण्मयीच्या थोरल्या भावाचा, कौस्तुभचा, फोन आला. सबनीस ग्रुपचा प्रमुख तो.

‘‘निनादराव, नमस्कार. कसे आहात?’’

‘‘बरा आहे.’’

‘‘ते ग्रुपचं जरा बघता का? आमच्या ग्रुपमध्ये एक शशिकला भोईटे म्हणून दिसतात.’’

‘‘आई आहे ती माझी.’’

‘‘हो, ते कळलं हो. पण कायद्याप्रमाणं आता परक्या घरचं माणूस राहू शकत नाही. आमच्या बाबांच्या फाइली आहेत त्यात. आमची आई म्हणाली, त्या बाईंना बाबांचं ऑपरेशन आठवायला लागलं तर?’’

‘‘तिला नाही आठवत तुमच्या बाबांचं काही. ओळखतच नव्हती ती त्यांना फारशी.’’

‘‘तरीपण. बघा, राग मानू नका. तुम्हीच ॲडमिन, म्हणजे तुम्हालाच काढावं लागणार. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर तक्रार करायला लागेल, आणि तुमची तक्रार मी कशी करू? तुम्ही आमचे जावई.’’ मग थोडं थांबून, ‘‘होता.’’

निनादनं मृण्मयीला केंद्राच्या कँटीनमध्ये बोलावलं. ती आली, चहा तिनंच आणला, कारण तो काउंटरवर जाऊन काय घ्यायचं ते विसरला.

‘‘आई तुझीही होती ना,’’ तो म्हणाला.

‘‘आहेत. म्हणून तर आलेय.’’

‘‘मग राहू दे की तिला ग्रुपमध्ये. कौस्तुभला तू सांग.’’

मृण्मयीनं कप खाली ठेवला. ‘‘निनाद, माझी सहा वर्षं तुझ्या आईच्या डोक्यात आहेत. नुसतं कारलं आणि भाजीवाला नाही. मी काय वाटून घेत होते ते सगळं. त्या संध्याकाळी गेटकडं तोंड करून बसतात ना?’’

‘‘हो. डॉक्टर म्हणतात, आजाराचं...’’

‘‘ती मी आहे.’’

निनादनं गार झालेला चहा एका घोटात संपवला.

‘‘त्या तुला विचारतात ते प्रश्नसुद्धा माझेच. मी कधी विचारले नाहीत, त्या विचारतात. बिचाऱ्यांना कळतही नाही, आपण असं का बोलतोय. मला ते सगळं घेऊन जायचंय. नाशिकला नोकरी लागलीय. तिथं मी नव्यानं राहणार, आणि इथं एक बाई माझ्या वाटची वाट बघत बसणार, हे मला नको.’’

‘‘पण मग तिला काही राहणारच नाही. आबा गेलेत हे पण.’’

‘‘माहितीय.’’ ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. ‘‘तू रूट आहेस, सर्व्हरचे सगळे अधिकार तुझ्याकडं. मला न विचारता सगळं घेऊ शकतोस.’’

‘‘मी तसं करणार नाही.’’

‘‘करणार नाहीस. नोकरी जाईल म्हणून.’’ ती थोडी हसली. ‘‘एक प्रसंग घे. कुठला ते सांग. त्याची चालवायची परमिशन देते मी तुला. तू तो जगलास की तुझ्या पट्टीवर तुझी फाइल तयार होईल, तुझ्या नावानं. ती आईंना दे.’’

कॉपी करण्याचा दुसरा मार्ग नव्हता. ठसा एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवला की त्याचा चोथा होतो. तो कुणाच्या तरी मेंदूतून जावा लागतो.

‘‘आंबोलीची सहल,’’ निनाद म्हणाला. ‘‘धबधब्याजवळ आई इतकी हसली होती! ती घेतो.’’

‘‘तुला कसं माहीत, त्या हसल्या होत्या?’’

‘‘म्हणजे? होतो की मी.’’

‘‘आदल्या दिवशी सर्व्हर पडला होता. आम्ही तिघंच गेलो. तू फोटो पाहिलेस.’’

कँटीनच्या पोऱ्यानं टेबल पुसलं, त्यावरचे कप एकदा उचलून पुन्हा ठेवले.

‘‘आबांचा दिवस घे,’’ मृण्मयी म्हणाली. ‘‘नाहीतर त्या रोज त्यांचं ताट वाढून बसतील. आणि अर्धा सोडायचा नाही. सुरू केलास की पूर्ण बघायचा.’’

ठरल्या दिवशी सकाळी निनादनं मशीनरूममध्ये बसून कमांड टाईप केली. सबनीस ग्रुपमधून शशिकला भोईटे यांना काढा. एंटर दाबल्यावर सर्व्हरनं काहीच म्हटलं नाही. लिनक्सची ही रीत आहे. काम झालं की तो गप्प बसतो, बिनसलं तरच बोलतो. निनादला आयुष्यभर हा स्वभाव आदर्श वाटत आला होता.

घरी आईला लगेच काही झालं नाही. ग्रुपमधून माणूस काढलं तरी त्याचं चालू सेशन तसंच राहतं. लॉग-इनच्या वेळी जे ग्रुप मिळाले, ते लॉग-आउट होईपर्यंत त्याच्या अंगावर असतात. केंद्राच्या पट्टीत झोप म्हणजे लॉग-आउट. आई दुपारी जेवून झोपायची. तोपर्यंत तिची सहा वर्षं तिच्याजवळ होती, आणि मृण्मयी तेवढ्यासाठी सकाळीच घरी येऊन तिच्यासमोर मेथी निवडत बसली होती. निनादनं फोन केला तेव्हा मागं आईचा आवाज ऐकू येत होता, ‘‘कोवळे देठ टाकू नकोस गं, सहा वर्षं सांगतेय!’’

निनादनं फाइल चालवली.

दुपार होती. त्याचं घर होतं. फक्त त्याला त्याची उंची जरा खाली आल्यासारखी वाटली आणि हातात मृण्मयीच्या बांगड्या होत्या. पलंगावर आबा. त्यांचा श्वास वर लागलेला. पलंगाच्या कडेला आई, आबांचा हात दोन्ही हातांत धरून. मृण्मयीनं डॉक्टरांना फोन केला. मग निनादला केला. रिंग पूर्ण वाजली. मशीनरूममध्ये फोन बाहेरच्या खणात ठेवायचा नियम होता, आणि नियम निनादनं केला होता. त्या दिवशी तो आत बसून कुठल्याशा घराच्या परमिशन नीट करत होता.

राग असेल, अशी त्याची तयारी होती. पूर्ण रिंग वाजून बंद झाल्यावर मृण्मयीच्या आत काय होतं, ते पाहायला तो अंग आवळून बसला होता. तिथं राग नव्हता. तिनं फोन टेबलावर ठेवला आणि आबांचे पाय चोळायला लागली. दुसऱ्यांदा फोन करावा, असं तिच्या मनातही आलं नाही. अंधारात बटण दाबून दिवा लागला नाही की माणूस समजतो, वीज गेलीय. इतकंच तिला वाटलं.

आबा मध्येच स्पष्ट बोलले. ‘‘टाकीची मोटर बंद केली का?’’

‘‘केली,’’ आई म्हणाली.

‘‘तू जेवलीस?’’

‘‘जेवले.’’ जेवली नव्हती.

आबा आणखी बराच वेळ होते. निनाद वाट पाहत राहिला. पहिल्यांदा त्याला वाटलं, आबा आपलं नाव घेतील म्हणून आपण थांबलोय. मग त्याच्या लक्षात आलं, आपण स्वतःच्याच येण्याची वाट बघतोय. संध्याकाळ झाली की आपण गेट उघडून येणार, हे त्याला पाठ होतं, तरी त्याला वाटत होतं, या वेळी लवकर येईन. एकदा गेट वाजलं. आलोच, असं त्याला वाटलं. डॉक्टर होते. आबांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग आईकडं, आणि मग कुणाकडंच नाही.

आईनं हात सोडला नव्हता.

फाइल संपली. निनादच्या नावाची नवी फाइल तयार झाली होती. ग्रुप भोईटे. या वेळी त्यानं फोल्डरची खूण दोनदा तपासली होती. आईला वाचायची परमिशन दिली आणि तो घरी निघाला. दुपारी तो घरी निघालाय, हे पाहून वॉचमननं विचारलं, ‘‘साहेब, बरं नाही का?’’

मृण्मयी व्हरांड्यात सँडल घालत होती.

‘‘झोपल्या आत्ताच,’’ ती म्हणाली. ‘‘डोळे मिटत होते, पण बोलत होत्या. म्हणाल्या, उद्या मेथीचे ठेपले करू. मी म्हटलं, करू.’’

‘‘थांबतेस? उठेल तासाभरात.’’

‘‘कशाला? त्या मला नवी नवरी समजतील. मी काय बोलू त्यांच्याशी?’’ तिनं सँडलचा पट्टा लावला, पुन्हा सोडला, पुन्हा लावला. ‘‘पूर्ण बघितलास?’’

‘‘पूर्ण.’’

तिनं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. मग मान हलवून ती गेटबाहेर गेली. निनादला वाटलं, तिला थांबवून काहीतरी सांगावं. काय सांगावं, ते ठरेपर्यंत रिक्षा वळली होती.

आई उठली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. निनादला खुर्चीत बघून ती चमकली. ‘‘अगं बाई, तू घरी?’’

‘‘आज सुट्टी घेतली.’’

‘‘बरं केलंस.’’ तिनं केस सारखे केले. ‘‘आणि मृण्मयी? माहेरपणाला गेली का?’’

‘‘हो.’’

‘‘राहू दे हो चार दिवस. नवीन आहे अजून. रुळेल.’’ मग तिनं खिडकीबाहेर बघितलं. ‘‘हे काय! एवढी मोठी बिल्डिंग कधी झाली रे?’’

‘‘झाली मध्ये.’’

‘‘यांना दाखवायला...’’ ती बोलता बोलता थांबली. नवी फाइल उघडली असणार. निनादनं हजारो वेळा स्क्रीनवर पाहिलेली ती क्षणभराची उघडझाप त्यानं पहिल्यांदा चेहऱ्यावर पाहिली.

‘‘हे गेले नाही का रे?’’

‘‘हो, आई.’’

‘‘आठवलं मला.’’ तिनं पदर तोंडाशी धरला. ‘‘निनाद, मला उशीर झाला रे.’’

‘‘कशाला उशीर?’’

‘‘ते जात होते, आणि मी नव्हते. कुठं गेले होते कुणास ठाऊक. काहीतरी काम काढून बसले असेन. मी आले तेव्हा सगळं संपलं होतं.’’

‘‘आई, तू तिथंच होतीस. पलंगावर, त्यांच्याशेजारी. त्यांचा हात तुझ्या हातात होता.’’

‘‘उगाच माझी समजूत काढू नकोस.’’

‘‘खरं सांगतोय.’’

‘‘मला आठवतंय ना!’’ ती म्हणाली, आणि त्या रडण्यातही तिच्या आवाजाला एक ठामपणा होता. गेल्या सहा वर्षांतलं तिला एवढंच आठवत होतं. ‘‘हात मला दिसतोय. पण तो धरल्याचं वाटत नाही. नुसतं वाटतंय, मी यायला हवं होतं. चाळीस वर्षं संसार केला आणि नेमकं त्या दिवशी...’’

निनादनं लॅपटॉप उघडला. फाइल त्याच्या मालकीची होती, आणि तिच्यातला उशीरही त्याचाच होता. लिहिण्याची परमिशन होती, पण लिहून प्रसंग बदलतो, त्याखालचं वाटणं बदलत नाही. पुसून टाकण्याचीही परमिशन होती. पुसली असती तर आईनं डोळे पुसले असते आणि विचारलं असतं, हे अजून कसे आले नाहीत. मग उद्या तेच. परवा तेच. आणि प्रत्येक वेळी ते गेल्याचं तिला नव्यानं सांगायचं, किंवा नाही सांगायचं. त्याचं बोट कीबोर्डवर होतं.

‘‘काय करतोस त्यात?’’ आईनं विचारलं. ‘‘यांचं काही काढतोस का? काढू नकोस. आठवतंय ते वाईट आहे, पण माझ्याजवळ तेवढंच आहे.’’

त्यानं लॅपटॉप मिटला.

‘‘एक सांगशील?’’ आई म्हणाली. ‘‘खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको.’’

‘‘काय?’’

‘‘माझी वाट पाहिली का रे त्यांनी?’’

निनादला ती दुपार पहिल्यापासून शेवटपर्यंत ठाऊक होती. आबांनी त्याची वाट पाहिली असेल, अशी तिच्यात एकही जागा शोधायची राहिली नव्हती.

‘‘नाही, आई.’’

‘‘एकदाही नाही? कुठं आहे, कधी येणार, काही नाही?’’

‘‘नावसुद्धा घेतलं नाही.’’

आईनं मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. ‘‘मग बरं झालं,’’ ती म्हणाली. ‘‘वाट बघत गेले असते तर मला सहन झालं नसतं.’’ पदरानं तिनं आपले डोळे टिपले, मग निनादकडं लक्ष गेल्यावर खुर्चीजवळ आली आणि त्याच पदरानं त्याचेही टिपले.

‘‘तू कशाला रडतोस, वेड्या? तू तर होतास ना तिथं.’’